दुसऱ्या हाताचं जेवण

माय पहिल्यांदा घर सोडून बीबीला, माहेरच्या गावी, निघून गेली, तेव्हा घरात भांडण झालेलं नव्हतं, कुणी आजारी नव्हतं आणि बीबीला मामाकडे काही कार्यही नव्हतं. तिने पिशवीत दोन पातळं भरली, पिठाची चक्की बंद केली, माझ्या मोठ्या बहिणीला शेजारच्या खालाच्या ओट्यावर बसवलं आणि सडकेवर येऊन जीपमध्ये बसली. खालाला एवढंच म्हणाली, "मी येईन. पण बलावू नको."

मी तेव्हा चिखलीत होते. शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते, लग्नही नवंच होतं. खालाचा फोन आला तेव्हा मला आधी वाटलं, मायच्या डोक्यावर परिणाम झाला. कारण जिला ती सोडून गेली होती, ती तिच्यावाचून कधी एक रात्रही राहिलेली नव्हती.

ताई माझ्याहून बरीच मोठी. जन्मली तेव्हा रडलीच नाही, सुईणीने पाय धरून उलटी केल्यावर रडली, असं माय सांगायची. ती वाढली, केस लांब झाले, पुढे त्यात एखादा पांढराही दिसू लागला. समज मात्र चार-पाच वर्षांच्या लेकराएवढीच राहिली. बोलायची थोडं, आणि तेही आपल्या माणसांनाच कळेल असं. हाताची बोटं नीट वळायची नाहीत. एखादी वस्तू छातीशी कवटाळून ती कुठवरही नेईल, पण घास तोंडापर्यंत जाईतो निम्मा सांडायचा.

दुसरबीडला सडकेला लागून आमचं घर आणि घराच्या पुढच्या खोलीत चक्की. बाबा होते तोवर ती बाबा चालवायचे. ते अचानक गेले आणि मायने पदर खोचून चक्कीचं काम हातात घेतलं. ताई दाराशी पोत्यावर बसलेली असायची. पट्ट्याकडे ती जाऊ नये म्हणून मायने मध्ये एक फळी ठोकून घेतली होती. दळण पडू लागलं की ताई पिठाखाली हात धरायची. ताजं पीठ गरम असतं. ते तळहातावर पडलं की तिचा चेहरा खुलायचा, आणि दळण घेऊन आलेल्या बायकाही ते पाहत थांबायच्या.

जेवायची मात्र ती मायच्याच हातून. माय भाकर कुस्करून वरणात कालवायची आणि एकेक घास तिच्या तोंडात द्यायची. मी दिला तर तोंड घट्ट मिटायची. झोपताना मायचा पदर तिच्या मुठीत लागायचा. लग्नाकार्याला जायचं तर माय ताईला घेऊनच जायची, नाहीतर जायचीच नाही. आमच्या घरात हे असंच होतं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. उलट गावात मायचं नाव निघायचं ते याच कौतुकाने.

मग एका उन्हाळ्यात जवळच्या गावी नात्यातली एक म्हातारी वारली. तिचा मुलगा ताईसारखाच होता, वयाने ताईहूनही मोठा. माय ताईला घेऊन मातीला गेली आणि दुसऱ्या दिवशी परतली. मी तेव्हा सुट्टीत घरी आलेली. तिने हातपाय धुतले, ताईला भरवलं, पण स्वतः जेवायला बसेना. मी विचारलं तेव्हा बोलली.

"म्हातारीले नेलं तवापासून तो भितीले टेकून बसला होता. साऱ्याईनं ताट धरून पाह्यलं. भाऊजयीनं, शेजारणीनं, म्या. तोंडच उघडे ना."

"दुःख झालं असेल त्याला," मी म्हणाले.

"भूक लागली होती त्याले. ताटाकडं पाहून राह्यला होता ना. पण दुसऱ्या हाताचं जेवण त्याले माहीतच नाही. त्याच्या मायनं माहीतच करून देल्लं नाही." तिने पदराने ताईचं तोंड पुसलं. "म्या तरी कुठं देल्लं?"

त्या माणसाला पुढे कुणीतरी आपल्या घरी नेलं, तिथून दुसरीकडे नेलं. पाऊस लागायच्या आत तो गेल्याचं कळलं. मायने ती बातमी दाण्याचं माप घेता घेता ऐकली आणि माप पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

सुरुवात माझ्यापासून झाली. मी आणखी काही दिवस घरी होते. मायने ताट वाढून माझ्या हातात दिलं, "तू दे तिले," म्हणाली आणि बाहेर ओट्यावर सडकेकडे तोंड करून बसली. ताईने ताट उधळलं. रडली, ओरडली, दाराकडे धावली. मी तिला धरून ठेवलं आणि मायला हाका मारल्या. माय वळली नाही. ओट्याच्या फटीत उगवलेलं गवत ती एकेक काडी करून उपटत होती, ते मला दारातून दिसत होतं. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी कधीतरी ताईने डोळे मिटून माझ्या हातचा एक घास घेतला. मी आनंदाने मायला बोलावलं. ती आत आली, ताईच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "उद्यापासून खाला देईन."

खालाचं आणि आमचं घर एका भिंतीचं. त्यांच्याकडे गाद्या-उशा भरायचं काम. घरातले पुरुष बाजारोबाजारी फिरायचे, आणि घरात बायका कापूस पिंजून, भरून, टाके घालून गाद्या तयार करायच्या. खाला आणि माय थोड्याफार अंतराने नव्या नवऱ्या होऊन त्या गल्लीत आल्या होत्या. माय तिला बहीण म्हणायची, खाला मायला बाई म्हणायची. माय काय करू पाहते आहे हे जगात खालाला सगळ्यात आधी कळलं. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली आणि ताईसमोर ताट घेऊन बसली.

त्यानंतर ताईच्या दुपारी खालाकडे जाऊ लागल्या. तिथे कापूस होता आणि कापूस ताईला पिठासारखाच आवडला. उशीच्या खोळीत हाताने कापूस कोंबायचं काम तिला जमू लागलं. संध्याकाळी केसांत कापूस घेऊन घरी यायची. पदराची सवय सुटायला फार त्रास झाला, असं खालाने सांगितलं. ते मी पाहिलेलं नाही. ताईने स्वतः भरलेली एक उशी खालाने तिला दिली आणि हळूहळू पदराच्या जागी ती मुठीत आली.

मग मायने तिला डबे पोचवायला लावले. आधी शेजारी, मग गल्लीच्या टोकाला, मग देवळामागे. ताई पिठाचा डबा कवटाळून निघायची आणि माय दारात उभी राहून पाहायची. कधी ताई दुसऱ्याच घरी जाऊन बसायची, कधी रस्त्यात डबा ठेवून शेळीच्या मागे जायची. दळण वेळेवर आलं नाही म्हणून बायका बोलायच्या. माय ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याच हाती डबा द्यायची.

गावातलं कौतुक ओसरलं. म्हातारपणी बाई दगड झाली, असं लोक म्हणू लागले. ही आपला भार उतरवून राह्यली, असंही कुणी म्हणालं. ते मायच्या कानावर गेल्यावाचून राहिलं नसेल.

आणि अशातच ती बीबीला निघून गेली.

मी रजा टाकून दुसरबीडला आले. बसमधून उतरले तो ताई सडकेवरच्या नाल्याच्या पुलाच्या कठड्यावर बसलेली. खाला तिच्या शेजारी होती, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकर. जीप आली की ताई उठायची. उतरणारी माणसं एकेक करून पाहायची आणि पुन्हा बसायची. खालाने मला खुणेनेच सांगितलं, जेवली नाही.

मी सडकेवरच्या दुकानातून मामाच्या घरी फोन लावला. मायला बोलावलं.

"जेवली काय?" तिने पहिलं हेच विचारलं.

"नाही. कालपासून नाही. तू ये."

"पाणी पिली?"

"पिली. माये, तू ये. मी काय सांगून राह्यली, ऐकू येतं का तुला?"

"पाणी पिली तं जेवन."

"मी तिला इथं आणून फोन कानाला लावते. तूच सांग तिला."

"नोको!" ती इतक्या जोराने म्हणाली की मी दचकले. मग आवाज खाली आला. "माहा आवाज आयकला तं तिचं सारं पुन्हा पहिल्यापासून. नोको लावू. बहिणीले सांग, जबरदस्ती करू नोको म्हणा." आणि फोन ठेवून दिला.

मी तशीच पुलाकडे परत गेले. खालाने माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने तिने फडकं सोडलं, भाकर मोडली, चटणीला लावली आणि स्वतःच खायला लागली. ताईकडे पाहिलंही नाही. सडकेकडे पाहत सावकाश चावत राहिली. चार-दोन घास झाले असतील, ताईने तिचं मनगट धरलं. खालाने तसंच सडकेकडे पाहत हात तिच्याकडे नेला. ताई जेवली. मला रडू आलं तेव्हा खाला हळूच म्हणाली, "चूप बेटा. तिले समजू देऊ नको, काही मोठं झालं म्हणून."

माय आली ती त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. मी अजून घरीच होते. तिने उंबऱ्यातून हाक मारली. ताईने तिच्याकडे पाहिलं, मग तोंड फिरवलं आणि उठून खालाच्या दारात जाऊन बसली. माय तिथेच उभी राहिली. "चांगलं झालं," असं काहीतरी पुटपुटली. पिशवी ठेवली, चक्कीच्या खोलीत गेली आणि चक्की चालू केली. दळायला काहीच नव्हतं. रिकाम्या चक्कीचा आवाज वेगळा असतो, दगडावर दगड घासतो, कानाला सहन होत नाही. आणि तशी ती चालवूही नये. मी बंद करायला निघाले तर खालाने मला दारातच अडवलं.

"राहू दे. आत नको जाऊ."

बऱ्याच वेळाने आवाज थांबला. माय बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पिठाने भरलेला होता आणि डोळ्यांखाली ते ओलं झालेलं होतं.

त्या संध्याकाळी मी तिच्याशी भांडले. म्हणाले, "हे सगळं कशासाठी? मी आहे ना. तुझ्यानंतर मी तिला चिखलीला नेईन. यांनाही विचारलंय, हो म्हणालेत."

"तू नेशीन," ती म्हणाली. "मले माहीत हाय तू नेशीन. पण तिचं गाव कोण नेईन?"

तिने दाराबाहेर गल्लीकडे हात केला.

"अठी ती चक्कीवरची ताई हाय. शेळी तिले ओळखते, कुत्रं तिले ओळखते. तुह्या घरी ती काय राहीन? तू शाळेत जाशीन, जावई कामाले जाईन. कडी लावून जा लागन ना तिले?"

"पण असं छळून…"

"छळते मी. हाव." ती म्हणाली. "वाईट मलेबी वाटते. पण ते आताच वाटून घ्या लागते. मंग तिले वाटन, तवा मी कुठं राहीन पुसाले?"

मामा एकदा मुद्दाम समजावायला आले. शेजाऱ्याच्या, त्यातून परजातीच्या भरवशावर कुणी लेक ठेवतं का, असं त्यांचं म्हणणं. माय त्यांच्यासाठी चहा ठेवत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. "भाऊ, तुमी बीबीले राहता," म्हणाली. "तिनं भितीवर थाप मारली तं कोण येईन?" मामांनी चहा घेतला आणि विषय पुन्हा काढला नाही.

पुढची काही वर्षं माय अशीच जात-येत राहिली. कधी बीबीला, कधी माझ्याकडे. माझ्याकडे यायची तेव्हा दिवसभर हाताला काम शोधायची, आणि जेवायला बसली की पहिला घास घेण्याआधी थोडा वेळ थांबायची. परत जायची घाई तिने कधी केली नाही. तिकडे खालाच्या सुनेच्या हातचंही ताई जेवू लागली. चक्की खालाचा थोरला मुलगा पाहू लागला. मधल्या भिंतीत मायने एक दार पाडून घेतलं.

एका मुक्कामानंतर मी तिला पोचवायला दुसरबीडला गेले होते. ताई खालाच्या अंगणात उशी भरत बसलेली. माय समोर जाऊन उभी राहिली. ताईने मान वर केली, "आली?" म्हणाली आणि पुन्हा कापूस कोंबू लागली. माय तिच्याजवळ बसली, तिच्या केसांतला कापूस वेचत राहिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "झालं वो माय, माहं काम."

आपल्या लेकीने आपल्याला विसरावं म्हणून इतकी वर्षं खपलेली बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

तिला छातीचं दुखणं लागलं ते एका हिवाळ्यात. चिखलीच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी काय ते मला बाजूला घेऊन सांगितलं; तिला सांगायची गरज पडली नाही. तिने एकच मागणं केलं. "मले जित्तं नेता आलं तं जित्तं ने, नाहीतं मेलेलं ने. पण घरी ने. आन् ताईले माह्यापासून दडवू नका. हात लावू द्या तिले."

घरी आणल्यावर ती फार राहिली नाही. सकाळच्या वेळी गेली. बायकांनी ताईला आत कोंडायचं ठरवलं होतं, खालाने ऐकलं नाही. ती ताईचा हात धरून घेऊन आली. ताईने मायच्या गालाला हात लावला, कपाळाला लावला, मग हात उचलून पाहिला. "थंड," म्हणाली. आतून गोधडी आणली आणि मायच्या अंगावर घातली. मायला नेलं तेव्हा ती गल्लीच्या टोकापर्यंत मागे गेली. मग खालाने तिला घरी आणलं आणि खालाच्या हातून ती जेवली. मी ते पाहत उभी होते. त्या दिवशी आमच्या घरात जेवली ती एकटी ताईच.

तेरवीला मामा लोकांसमोर बोलायला उभे राहिले. म्हणाले, "आमची बहीण शाळेत गेली नाही, पण लय दूरदृष्टीची होती."

तो शब्द मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवला आहे. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा. मुलं धरणं बांधणाऱ्यांची, किल्ले उभारणाऱ्यांची वाक्यं करून आणतात आणि मी बरोबरची खूण करते. आमच्या घरात हा शब्द कधी उच्चारला गेला नव्हता. दृष्ट हा शब्द होता, मीठमोहऱ्यांनी काढायची ती. मायचं बोलणं एवढंच असायचं, "पुढचं पाहा लागते." आणि ती पुढचं पाहायची म्हणजे तरी काय, ताट पाहायची, हात पाहायची, उशी पाहायची. मामांचा तो शब्द ऐकून बायकांनी माना डोलवल्या, खालाने डोळे पुसले. मलाही तो पटला. पण त्याच संध्याकाळी ताई खालाच्या अंगणातून उठली, पुलाकडे गेली आणि कठड्यावर बसली.

मी मागोमाग गेले. "ताई, काय करतेस इथं?"

"माय," ती म्हणाली. "बीबी."

जीप आली. तिने उतरणारी माणसं पाहिली. रडली नाही, हाक मारली नाही. अंधार पडायला लागल्यावर माझ्याबरोबर शांतपणे घरी आली, जेवली, उशी घेऊन झोपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुलावर.

तेव्हा मला कळलं काय झालं ते. इतक्या वर्षांत ताई एक गोष्ट पक्की शिकली होती. माय जाते, आणि माय येते.

मी तिला समजावून पाहिलं. हात धरून स्मशानाच्या वाटेवर नेलं, ती जागा दाखवली. तिने जागेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझी समजूत घालावी तशी म्हणाली, "माय येईन." मी तिला घेऊन परत फिरले.

परत आल्यावर मी खालाला म्हणाले, "एवढं सगळं पाहिलं मायने, आणि हे तिच्या ध्यानात आलं नाही."

खाला उशीचे टाके घालत होती. सुई तिने कापडातच ठेवली. "आलं होतं," म्हणाली. "दवाखान्यात भेटाले आली होती मी, तवा बोलली. म्हणे, बहीण, जायाची आन् यायची सवय लावली मी तिले. न यायची कशी लावू? लय सोचलं म्हणे, रस्ता सापडत नाही. म्हणून तं हात लावू द्या म्हणे. हात लावून समजलं तं समजलं."

"समजलं नाही ना पण."

"नाही समजलं," खाला म्हणाली. "बाईले माहीत होतं, नाही समजलं तं ती वाट पाहीन. म्हणे, उपाशी राहण्यापेक्षा वाट पाहिलेली बरी."

याला वर्षं झाली. ताई आता साठीकडे निघाली आहे. ती वाट पाहते म्हणजे दुःखी असते का, हे मला आजही सांगता येणार नाही. पुलावर बसते तेव्हा तिचा चेहरा शांत असतो. जीपवाले तिला ओळखतात, गाडी हळू करतात, "आज नाही आली वो ताई," असं खिडकीतून सांगून जातात. पाऊस असला की ती जात नाही. मध्यंतरी खालाकडे शेळी व्याली तेव्हा आठवडाभर गेली नाही. आम्ही कुणी तिला जा म्हणत नाही आणि जाऊ नकोही म्हणत नाही.

गेल्या वर्षी वर्गात एका मुलीने वहीत लिहिलं होतं, दूरदृष्टी म्हणजे पुढचं सगळं आधीच दिसणे. मी 'सगळं' या शब्दाखाली रेघ ओढली. समासात काय लिहावं ते सुचेना. वही बराच वेळ तशीच पुढ्यात राहिली, मग मी खालची वही ओढली.

आता खाला थकली आहे. गुडघे धरतात, डोळ्यांना कमी दिसतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा तिने मला आणि आपल्या सुनेला समोर बसवलं. "माहं काही खरं नाही," म्हणाली. "माह्यामागं ही हाय. पण हिच्यामागं कोण? हिले बुखार आला तरी घरात दुसरा हात पाह्यजे. तुमी दोघी पाहा आता."

सून माझ्याच वयाची. ताईला घास भरवू शकेल असं घर कोणतं, आम्ही दोघी दुपारभर आठवत बसलो. एक घर फार लांब, एका घरचा माणूस तापट, एका घरात लेकरं लहान आणि बाईला उसंत नाही. शेवटी ती म्हणाली, समोरच्या ओळीत कडेच्या घरात एक सून नवीन आली आहे. दळण घेऊन येते तेव्हा ताईशी थांबून बोलते. नवी आहे, घाबरेल, मी म्हणाले. मग तिच्या सासूशी आधी बोलून घेऊ, असं ठरलं. सासू हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ताईला घेऊन त्या घरी गेलो. ताईच्या छातीशी त्यांच्याच पिठाचा डबा होता. त्या मुलीने डबा घेतला, पण ताईला कुठे बसवावं ते तिला कळेना. ती आमच्याकडे पाहू लागली. आम्ही दारातच उभ्या राहिलो. मग तिने कोपऱ्यातली बाज ओढली, तिच्यावरची घडी केलेली चादर उलगडून नीट अंथरली आणि ताईला "बसा," म्हणाली. ताई बसली. मागे सरकल्यामुळे पाय जमिनीला टेकत नव्हते, ते ती हलवत राहिली. चहा होईपर्यंत आम्ही थांबलो, चहा घेतला, आणि ताईला तिथे ठेवून बाहेर आलो.